भात्याचा रोध आणि सुराचा प्रतिसाद : डिजिटल ॲकॉर्डियनची समीक्षा

प्रास्ताविक

व्हिएन्ना येथील सिरिल डेमियन याने १८२९ मध्ये ज्या वाद्याचे एकस्व घेतले, त्याला त्याने स्वरसंघावरून ‘ॲकॉर्डियन’ असे नाव दिले. एका बोटाने पूर्ण स्वरसंघ वाजतो, हे त्याला त्या वाद्याचे वैशिष्ट्य वाटले होते. पुढील पावणेदोनशे वर्षांत मात्र वादकांनी या वाद्याचे मर्म बटणांत नव्हे, तर भात्यात शोधले. सूर कोणता हे बोट ठरवते. तो कसा जन्मेल, किती जगेल आणि कसा विझेल हे भाता ठरवतो. व्हायोलिनमध्ये जे गजाचे स्थान, गायनात जे श्वासाचे स्थान, तेच येथे भात्याचे आहे. म्हणूनच रीड काढून टाकून त्यांच्या जागी संवेदक, संगणकीय स्वरनिर्मिती आणि ध्वनिवर्धक बसवलेले डिजिटल ॲकॉर्डियन बाजारात आले, तेव्हा खरा प्रश्न आवाज किती हुबेहूब आहे हा नव्हता. ध्वनिमुद्रणात कानाला फसवणे तुलनेने सोपे आहे. डाव्या हाताला फसवणे अवघड आहे, आणि या वाद्याची समीक्षा त्या हाताच्या बाजूनेच व्हावयास हवी.

प्रस्तुत लेखात रोलँड कंपनीच्या ‘व्ही-ॲकॉर्डियन’ मालिकेचा प्रामुख्याने विचार केला आहे. २००४ मध्ये आलेले ‘एफआर-७’ आणि २०१३ मध्ये आलेले ‘एफआर-८एक्स’ हे या मालिकेतील दोन महत्त्वाचे टप्पे होत. भात्याचा प्रश्न या दोहोंनी दोन निरनिराळ्या पद्धतींनी सोडवण्याचा प्रयत्न केला असल्यामुळे त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

भात्यातील हवा आणि हाताला मिळणारे उत्तर

मूळ वाद्यात काय घडते हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. ॲकॉर्डियनची रीड म्हणजे धातूच्या पट्टीतील खाचेवर एका टोकाशी जखडलेली पोलादी जीभ. पेटीचे कारागीर जिला ‘सूर’ म्हणतात तीच ही वस्तू. धातू आणि घडण तेवढी निराळी. प्रत्येक पट्टीवर अशा दोन जिभा असतात, एक भाता उघडताना वाजणारी आणि दुसरी मिटताना वाजणारी. जी वाजत नाही तिच्या खाचेतून हवा वाया जाऊ नये म्हणून कातड्याची किंवा प्लॅस्टिकची पातळ झडप बसवलेली असते. उजव्या हाताला ४१ पट्ट्या आणि रीडचे चार संच असलेल्या वाद्यात केवळ उजव्या बाजूलाच ३२८ जिभा भरतात.

हवेचा दाब वाढला की सूर मोठा होतो, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. वस्तुतः दाबाबरोबर आणखी तीन गोष्टी बदलतात. सुराचा पोत अधिक भरीव आणि तिखट होतो. स्वर किंचित उतरतो, आणि हा उतार खर्जाच्या मोठ्या रीडमध्ये अधिक जाणवतो. आणि रीड बोलू लागण्यास लागणारा वेळ कमी होतो. फार मंद दाबाला खर्जाची रीड काही क्षण बोलतच नाही, तेवढ्यात तारसप्तकातली रीड बोलून गेलेली असते. निष्णात वादक या विलंबाचा हिशेब मनात ठेवून भाता किंचित आधी ओढतो.

याहून महत्त्वाची आणि समीक्षेत बहुधा निसटणारी गोष्ट म्हणजे हवेचा खर्च. भाता किती वेगाने सरकेल हे केवळ हाताच्या जोरावर अवलंबून नसते. किती रीडमधून हवा बाहेर पडत आहे यावरही ते अवलंबून असते. एकच सूर एका रीडवर वाजत असताना बराच जोर लावूनही भाता जेमतेम हलतो. तेच दोन्ही हातांनी भरगच्च स्वरसंघ धरून, सर्व संच उघडणारा खटका दाबला की तोच भाता वेगाने रिकामा होतो. डाव्या हाताच्या एका खर्जाच्या बटणावर पाच रीडपर्यंत एकत्र वाजू शकतात. परिणामी वादकाच्या डाव्या बाहूला संगीताची घनता प्रत्यक्ष वजनाच्या रूपात समजत असते. स्वरवाक्य चालू असताना मध्येच मोठा स्वरसंघ आला की दाब क्षणभर खचतो आणि हात नकळत पुढे सरसावतो. हे खचणे आणि सावरणे हाच ॲकॉर्डियनच्या वाक्यरचनेचा श्वास आहे. पट्ट्या सर्व मिटलेल्या असतील तर भाता जागच्या जागी अडतो. वादक त्यावर भार टाकून, दाब साठवून, नेमक्या क्षणी पट्टी उघडतो आणि सूर आघातासह फुटतो. पट्टी आधी उघडून नंतर भाता ओढला तर तोच सूर अलगद उगवतो. एकाच सुराच्या या दोन जन्मकथा केवळ क्रम बदलल्याने घडतात.

थोडक्यात, मूळ वाद्यात हाताचा जोर, भात्याची गती आणि सुराचा प्रतिसाद या तीन घटना नव्हेत. ती एकच भौतिक घटना तीन बाजूंनी दिसते.

दोन वाटांचे वाद्य

डिजिटल वाद्यात ही एकता तुटते. भात्याच्या आत रीड नाहीत. आहे तो दाब मोजणारा संवेदक. तो आतील आणि बाहेरील दाबांतील फरक विद्युत्संकेतात रूपांतरित करतो आणि त्या संकेतावरून स्वराचा आकार, पोत इत्यादी ठरतात. ही पहिली वाट. परंतु हवा कोठून तरी बाहेर पडल्याखेरीज भाता हलणारच नाही; म्हणून एक छिद्र ठेवावे लागते. हाताला जाणवणारा रोध या छिद्रातून निर्माण होतो. ही दुसरी वाट. पहिल्या वाटेने सूर येतो, दुसऱ्या वाटेने स्पर्श येतो, आणि या दोन वाटा एकमेकींना कोठेही भेटत नाहीत.

‘एफआर-७’मध्ये हा रोध कमीजास्त करण्यासाठी एक चाक दिलेले होते. ते फिरवून वादक आपल्याला रुचेल असा कडक किंवा सैल भाता करून घेऊ शकतो. ही सोय निरुपयोगी नाही; पण तिचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. चाक एकदा लावले की छिद्र स्थिर होते. मग एक सूर वाजो, दहा वाजोत किंवा एकही न वाजो, तेवढ्याच जोराला भाता तेवढ्याच वेगाने सरकतो. अशा छिद्रातून जाणाऱ्या हवेचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, दाब चौपट केला तर भात्याचा वेग साधारण दुप्पट होतो. हे नाते सुटे पाहिले तर मूळ वाद्याहून फार दूरचे नाही. दूरचे आहे ते हे, की या नात्यात संगीताचा प्रवेशच नाही. एकेरी स्वरावली वाजवताना डिजिटल भाता अकारण उधळपट्टी करतो आणि भरगच्च स्वरसंघाच्या वेळी अनपेक्षित काटकसर करतो. मूळ वाद्यावर जो मंद्र सूर एका ओढीत दीर्घकाळ टिकवता येतो, तो येथे अर्ध्यावरच दिशा पालटावयास लावतो. आणि जेथे हाताला धाप लागावयास हवी, तेथे तो निवांत असतो. पट्ट्या मिटलेल्या असतानाही हवा गळत राहते, म्हणून भार साठवून सूर फोडण्याची युक्ती पुरती साधत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. श्रोत्याला हे काहीच ऐकू येत नाही; मग वादकाच्या हाताला काय वाटते याला कलादृष्ट्या किंमत किती? या आक्षेपाचे उत्तर श्रवणातच आहे. स्वरसंघ आल्यावर दाब खचला नाही की त्यामागून येणारे सावरणेही नाहीसे होते, आणि वाक्य एकसारख्या उजेडात वाचल्यासारखे सपाट होते. डिजिटल ॲकॉर्डियनवरील वादन ऐकताना ‘स्वच्छ आहे, पण जीव नाही’ असे जे मोघमपणे म्हटले जाते, त्याचे कारण रीडच्या आवाजाच्या नमुन्यात शोधण्यापेक्षा या न खचलेल्या दाबात शोधणे अधिक योग्य ठरेल. सूर चुकीचा नसतो. त्याला ओढणारा हात अडलेला नसतो.

सुराच्या वाटेवर मात्र रोलँडने आरंभापासून मेहनत घेतली, हे मान्य केले पाहिजे. ‘फिजिकल बिहेवियर मॉडेलिंग’ या नावाने त्यांनी जी पद्धत पुढे आणली, तिच्यात दाबाप्रमाणे पोत बदलणे, निरनिराळ्या रीडना बोलू लागण्यासाठी निरनिराळा उंबरठा ठेवणे, सूर थांबताना होणारा बारीक आवाज उमटवणे अशा गोष्टींचे अनुकरण होते. ज्यांनी हे वाद्य घडवले त्यांना ॲकॉर्डियन ठाऊक नव्हते, असे म्हणण्यास जागा नाही. रोलँडची युरोपीय शाखा इटलीच्या मार्के प्रांतात आक्वाव्हिवा पिचेना येथे होती. १८६३ मध्ये पाओलो सोप्रानी याने ज्या गावी ॲकॉर्डियन बनवण्यास आरंभ केला, ते कास्तेल्फिदार्दो याच प्रांतातले. त्यामुळे उणीव ज्ञानाची नव्हती. रचनेने घातलेली ती मर्यादा होती.

संकेताची बारकाई

संवेदकाने मोजलेला दाब किती पायऱ्यांत विभागला जातो हाही मुद्दा गौण नाही. १९८३ मध्ये रूढ झालेल्या ‘मिडी’ या संकेतप्रणालीत एका नियंत्रकाला ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या मिळतात. पियानोच्या पट्टीवर पडणारा आघात मोजण्यास त्या पुरतात, कारण आघात एकदाच होतो. भाता सतत बोलत असतो. दीर्घ सूर हळूहळू विझवत नेताना शेवटच्या दहाबारा पायऱ्या कानाला सुट्या सुट्या जाणवू शकतात. जणू उतरंडीऐवजी जिना. शिवाय या प्रणालीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असून तीन अक्षरकांचा एक संदेश पोहोचण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. एका संदेशापुरते हे नगण्य आहे. पण दोन्ही हातांचे सूर आणि भात्याचा अखंड प्रवाह एकाच वाटेने धाडला की गर्दी होते. व्ही-ॲकॉर्डियनचा स्वतःचा आवाज या अरुंद वाटेने जात नाही, ही त्याची जमेची बाजू. मूळ ॲकॉर्डियनला मागाहून मिडी जोडून बाहेरच्या ध्वनियंत्रावर वाजवणाऱ्यांना मात्र ही अडचण चांगलीच परिचयाची आहे.

भाता थरथरवण्याच्या क्रियेत ही बाब सर्वांत उघडी पडते. या क्रियेत भात्याची दिशा एका सेकंदात अनेकदा पालटते, आणि प्रत्येक पालटीच्या क्षणी दाब शून्यातून जातो. संवेदकाने अस्थिरता टाळण्यासाठी संकेत जरा जास्त गुळगुळीत केला तर या शून्याच्या दऱ्या बुजतात आणि थरथर ऐवजी नुसते कापणे ऐकू येते. गुळगुळीतपणा काढला तर हाताचा प्रत्येक अनाहूत हिसका सुरात उतरतो. शिवाय ही क्रिया डाव्या अर्ध्या भागाच्या वजनावर झुलत असते. मूळ वाद्यात त्या भागात रीडचे लाकडी ठोकळे असतात. डिजिटल वाद्याचे एकूण वजन तेवढेच भरले, तरी ते वाटले गेले आहे निराळे, आणि झोक्याला हे वाटप लगेच कळते.

हलता रोध

‘एफआर-८एक्स’मधील ‘डायनॅमिक बेलोज बिहेवियर’ ही रचना वर सांगितलेल्या दुभंगावर दिलेले थेट उत्तर आहे. किती सूर वाजत आहेत यानुसार भात्याचा रोध येथे आपोआप बदलतो. स्वरसंघ दाबला की भाता मोकळा होतो, एकेरी सुरावर तो कडक होतो. म्हणजे तुटलेल्या दोन वाटांना जोडणारा एक पूल प्रथमच बांधला गेला. डिजिटल वाद्यांच्या इतिहासात या कल्पनेचे मोल नव्या आवाजांच्या भल्यामोठ्या यादीहून किती तरी अधिक आहे. विक्रीच्या माहितीपत्रकांत मात्र यादीच ठळक असते, हा भाग वेगळा.

तरीही पूल म्हणजे एकत्व नव्हे. मूळ वाद्यात रीड हवा खाते म्हणून भाता सैल होतो. येथे यंत्र सुरांची मोजदाद करून भाता सैल करते. कारण आणि परिणाम यांचा क्रम उलट आहे, आणि काही प्रसंगी तो उघडा पडतो. मूळ वाद्यात पट्टी अर्धवट दाबली तर झडप अर्धवट उघडते, हवा अडखळत जाते आणि पुरेशा दाबाखाली सूर खाली घसरवता येतो. सोफिया गुबैदुलिना हिने बायान या रशियन ॲकॉर्डियनसाठी १९७८ मध्ये रचलेल्या ‘दे प्रोफुंदिस’मध्ये अशा घसरत्या सुरांना आणि हवेच्या बटणातून निघणाऱ्या निःस्वर फुत्काराला रचनेच्या केंद्रस्थानी आणले आहे. तेथे भात्याची हवा हे सुराचे इंधन उरत नाही. ती स्वतःच ऐकण्याची वस्तू होते, एखाद्या आजारी छातीच्या श्वासासारखी. डिजिटल वाद्यात पट्टी ही मुळात कळ आहे. ती लागते किंवा लागत नाही. अर्धवट उघडण्याला तिच्या लेखी अर्थ नाही. म्हणून रोध कितीही चतुराईने हलवला, तरी अशी रचना या वाद्यावर तिच्या मूळ अर्थाने वाजू शकत नाही. हा दोष म्हणावा की मर्यादा, हे वादक काय वाजवू इच्छितो यावर अवलंबून राहील. लोकनृत्याच्या साथीला जो अभाव जाणवणारही नाही, तोच येथे रचनेचा प्राण हिरावतो.

पेटीच्या भात्याची साक्ष

महाराष्ट्रातील वाचकाला या चर्चेत पेटीची आठवण होणे साहजिक आहे. हार्मोनियमवरील आकाशवाणीची बंदी १९४० ते १९७१ इतकी टिकली. तिच्यामागील वादाचा रोख मींड आणि श्रुती यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या बाजूवर होता. भात्याची बाजू त्या वादात जवळजवळ मुकी राहिली. वस्तुतः तीच येथे उपयोगी पडते. पेटीच्या बाहेरच्या भात्यातून हवा आधी आतल्या भात्यात साठते आणि स्प्रिंगच्या दाबाने समतोल होऊन मगच सुरांकडे जाते. म्हणजे हात आणि सूर यांच्यामध्ये एक मध्यस्थ पेटीतही आहेच. तरी गोविंदराव टेंबे यांच्यापासून तुळशीदास बोरकरांपर्यंतच्या वादकांनी भात्यावरच्या हाताने सुराला वजन दिले. यावरून एवढे म्हणता येते, की हात आणि सूर यांच्यात मध्यस्थ आल्याने अभिव्यक्ती संपत नाही. मध्यस्थ हाताला उत्तर देतो की नाही, यावर सारे ठरते. आतला भाता रिकामा होऊ लागला की पेटीवादकाच्या हाताला ते तत्काळ समजते. ‘एफआर-७’च्या स्थिर छिद्राला असे काही सांगण्यासारखे नव्हते. याच्या उलट बाजूचा दाखला इलेक्ट्रॉनिक सुरपेटीचा. तिने भाता पूर्णपणे काढून टाकला आणि संगीतक्षेत्राने तिला सहज आपलेसे केले, कारण आधारस्वराला वाक्य नसते, आणि वाक्य नाही तेथे श्वासाची गरज नाही.

हिंदी चित्रपटसंगीतातील ॲकॉर्डियनचा उल्लेखही येथे अप्रस्तुत ठरू नये. गुडी सिरवई, केरसी लॉर्ड, इनॉक डॅनियल्स यांच्या वादनाने मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत या वाद्याला स्थान दिले. ‘आराधना’ (१९६९) मधील ‘रूप तेरा मस्ताना’ या गीतातील केरसी लॉर्ड यांचे ॲकॉर्डियन ऐकताना भात्याचे छोटे, दबलेले उसासे गाण्याच्या भावस्थितीशी किती एकजीव झाले आहेत हे ध्यानात येते. हेच केरसी लॉर्ड पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्या आरंभीच्या वादकांपैकी एक ठरले. नव्या यंत्राचे त्यांना वावडे नव्हते. परंतु त्यांनी सिंथेसायझरकडून भात्याचे काम करून घेतले नाही. जे काम भात्याला जमत नव्हते, तेच त्याला दिले.

शिक्षण आणि शरीर

डिजिटल भात्याचा प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो विद्यार्थ्याच्या बाबतीत. प्रौढ वादकाजवळ मूळ वाद्याची स्मृती असते. यंत्राच्या उणिवा तो हाताने भरून काढतो. ज्याचे पहिलेच वाद्य डिजिटल आहे त्याला हवेचा हिशेब शिकण्याचे कारणच पडत नाही. वाक्याच्या शेवटी भाता कोठे असावा, स्वरसंघ येण्यापूर्वी किती हवा शिल्लक ठेवावी, खर्जाला किती आधी हात घालावा, या गोष्टी वाद्य स्वतः शिकवत असते, आणि स्थिर छिद्राचे वाद्य त्या चुकीच्या शिकवते. वाद्यात भाता हलका, मध्यम वा जड मानण्याची जी निरनिराळी मापे निवडता येतात, त्यांतील फार हलके माप नवशिक्यास विशेष घातक ठरते. थोड्याशा ओढीला भरघोस आवाज मिळाला की हात आळशी होतो. भात्याचा परिणाम पूर्ण बंद करणारे माप तर अभ्यासकाळात वापरूच नये.

मात्र तेच माप दुसऱ्या एखाद्याला वरदान ठरते. रीडचे मोठे ॲकॉर्डियन दहा-बारा किलो वजनाचे असते आणि ते छातीवर बांधून भाता ओढणे खांद्याला आणि पाठीला जड जाते. उतारवयात किंवा सांधेदुखीमुळे ज्यांना वाद्य सोडावे लागले असते, त्यांना मालिकेतील लहान वाद्यावर, सैल केलेल्या भात्यावर वाजवत राहता येते. शेजाऱ्यांना न उठवता रात्री कानावर ध्वनिग्राहक लावून सराव करता येतो. यातील शेवटच्या सोयीची एक किंमत आहे. मूळ वाद्य छातीला टेकलेले असते आणि त्याची कंपने हाडांतून जाणवतात. कानांतून आवाज आला तरी छाती मुकी राहते. भाता ‘मेलेला’ वाटतो अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा तीत रोधाइतकाच या मुकेपणाचाही वाटा असतो, हे वाद्य तपासणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

रोलँडनंतर बुगारी, कोर्ग यांसारख्या कंपन्यांनीही डिजिटल ॲकॉर्डियन बनवले. या वाद्यांची परीक्षा घेताना प्रथम आवाजांची संख्या विचारण्याची प्रथा पडली आहे. त्याऐवजी साधी कसोटी पुरेशी आहे : एकच खर्जाचा सूर शक्य तितक्या मंदपणे धरून भाता पूर्ण उघडावा, मध्येच दोन्ही हातांचा स्वरसंघ टाकावा, आणि पट्ट्या सोडून त्याच क्षणी भात्यावर भार ठेवून पाहावा. पहिल्यात हवा किती पुरते, दुसऱ्यात हात पुढे सरतो की नाही, आणि तिसऱ्यात भाता अडतो की गळतो, याची उत्तरे डाव्या हाताला एका मिनिटात मिळतात.